येताना घड्याळ कंपनीचं, जाताना कुणाचंच नाही

पत्र

मी 26 वर्षांची आहे. खराडीतल्या एका गेम स्टुडिओत थ्रीडी आर्टिस्ट म्हणून दोन वर्षं आठ महिने काम करते. बाहेरदेशच्या कंपन्यांच्या गेमसाठी आम्ही इमारती, दुकानं, सामानसुमान बनवतो. टीम साठेक जणांची. काम मला आवडतं, ऑफिस सहन होत नाही. दहा वाजता अंगठा लागलाच पाहिजे. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. वनाझहून मेट्रोने रामवाडी आणि पुढे शेअर रिक्षा, त्यात पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतातच. पण महिन्यातले दोन आठवडे 'बिल्ड' असते, म्हणजे काम जोडून क्लायंटला द्यायचं असतं, तेव्हा रात्री अकरापर्यंत बसवतात, ते कुठेच धरत नाहीत. सव्वाअकराला मी रस्त्यावर कॅब शोधत उभी असते. मोबाइल लॉकरमध्ये. स्लॅकवर (ऑफिसच्या चॅटवर) पाच मिनिटं 'अवे' दिसलं की लीडचा, म्हणजे टीमच्या प्रमुखाचा मेसेज. चूक झाली की तो सगळ्या फ्लोअरसमोर ओरडतो, वर 'बाहेर पोरं रांगेत उभी आहेत' हे आहेच. रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. पगार 42,000. तीन वर्षांचा दीड लाखाचा बाँड आहे (मुदतीआधी गेले तर तेवढे भरायचे), नोटीस 90 दिवसांची. आई-बाबा कराडला असतात. ते म्हणतात, गेम करायचे पैसे मिळतात, आणखी काय हवं? सोडू की थांबू?
– नाव नको, पुणे

उत्तर

थांबायचं की सोडायचं हे नंतर बघू. आधी तुमच्या पत्रातल्या तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. त्या सगळ्या एका माळेत ओवल्या की लीडसमोर त्यातली एकही टिकत नाही.

मोबाइल लॉकरमध्ये ठेवण्याचा नियम कितीही चिडचिड करणारा असला तरी त्यावर शक्ती घालवू नका. बाजारात न आलेल्या गेमचा एक फोटो बाहेर गेला तर स्टुडिओचं कंत्राट जाऊ शकतं. बऱ्याचदा ही अट क्लायंटच्या करारातच असते आणि क्लायंटची माणसं येऊन ती तपासतातही. सप्टेंबर 2022 मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो 6'चे अर्धवट व्हिडिओ हॅकरने फोडले. त्यात मोबाइलचा संबंध नव्हता, पण अशा फुटीची क्लायंटना केवढी धास्ती असते ते त्यावरून कळावं. तुम्ही फक्त एवढं मागा: घरून तातडीचा निरोप आला तर तो मिळेल असा एक नंबर आणि तो उचलणारं माणूस. हे मागितलं तर नाही म्हणणं अवघड जातं.

खरा घोळ वेळेचा आहे. येताना घड्याळ कंपनीचं, जाताना कुणाचंच नाही. ऑफिस कडक असण्याला आमची फारशी हरकत नाही. पण कडकपणा एकाच बाजूने असेल तर त्याला शिस्त म्हणता येत नाही, आणि तुम्हाला बोलायला जागा आहे ती इथेच.

सगळ्यात आधी रात्रीचं जाणं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिली तरी सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. सव्वाअकराला तुम्ही रस्त्यावर उभ्या राहता, यात कंपनीचीच बाजू कच्ची आहे. एचआरला छोटीशी मेल लिहा, भाषा साधी ठेवा: 'पुढच्या बिल्डच्या आठवड्यात साडेनऊनंतर थांबावं लागणार असेल तर घरापर्यंत कॅबची सोय कशी असेल ते कळवा.' कायद्याचं नाव पहिल्या मेलमध्ये घालू नका. एचआरला ते माहीत असतं, आणि लेखी प्रश्न आला म्हणजे काय हेही माहीत असतं. टीममधल्या आणखी दोघीतिघींनी त्याच आठवड्यात आपापली मेल पाठवली तर उत्तम. एका मेलवर चौघींची नावं मात्र घालू नका, त्याला लगेच 'ग्रुपिझम' म्हणतात.

आता लेट मार्क. वेतन संहिता, म्हणजे पगाराचा केंद्रीय कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार गैरहजेरीबद्दल पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस गैरहजर होता तेवढ्याच प्रमाणात कापता येतो. तीन दिवस दहा-दहा मिनिटं उशीर म्हणजे अर्धा तास. त्यासाठी चार तासांचा पगार कापणं या हिशेबात बसत नाही. 'हा दंड आहे' असं कुणी म्हणालं, तर दंडालाही नियम आहेत: कोणत्या गोष्टीसाठी दंड होतो ते आधी जाहीर केलेलं असावं लागतं, बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. पगाराऐवजी रजा कापत असतील तर प्रकरण थोडं वेगळं, तिथे कंपनीची नियमपुस्तिका बघावी लागेल. तेव्हा आधी पगाराची पावती उघडा आणि नेमकं काय कापलंय ते बघा. ते न बघताच भांडायला जाणारे बरेच असतात.

ओव्हरटाइमचा हिशेब असा. सकाळी दहा ते रात्री अकरा म्हणजे 13 तास, जेवणाचा एक वजा केला तर 12. आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती. म्हणजे रोज 3 तास जास्त, पाच दिवसांचे 15, दोन आठवड्यांचे 30. 42,000 ला 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं तर तासाला साधारण 202 रुपये पडतात. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे 404. अशा 30 तासांचे महिन्याला 12,000 च्या आसपास झाले. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 9 वरून 10 तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची 125 वरून 144 तास करायला मंजुरी दिली. त्याने रोजचा हिशेब थोडा सरकतो, पण 48 तासांचा आठवडा आणि दुप्पट दर तसेच राहतात. तुमचे तिमाहीचे 90 तास दोन्ही मर्यादांच्या आत आहेत, त्यामुळे तिमाहीच्या तासांवरून आरडाओरडा करू नका. मुद्दा तासांच्या मोबदल्याचा आहे.

एचआर म्हणेल, तुम्ही 'एक्झिक्युटिव्ह' आहात, तुम्हाला हे लागू नाही. व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना सूट आहे हे खरं, पण बघायचं असतं ते काम, व्हिजिटिंग कार्डावरचं पद नाही. तुमच्या हाताखाली कुणी नाही, कुणाची रजा तुम्ही मंजूर करत नाही, दिवसभर मॉडेल (वस्तूचा थ्रीडी आकार) आणि टेक्स्चर (त्यावरचा रंग-पोत) करता. हे तांत्रिक कामच झालं. तरीही पहिल्या भेटीत पैसे मागू नका, कॉम्प-ऑफ, म्हणजे जादा कामाबदली सुट्टी मागा. बारा तासांच्या चार रात्रींमागे एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि आदल्या रात्री दहानंतर सुटलं तर दुसऱ्या दिवशी बाराला अंगठा. ही दुसरी मागणी बहुतेक ठिकाणी आधी मान्य होते, कारण तिचा खर्च शून्य असतो.

आता रात्री होतात कशा, ते बघू. लीड दुष्ट आहे म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि बहुतेक वेळा अर्धवट. तुमच्यासारखे स्टुडिओ ठरलेल्या रकमेवर माइलस्टोन (कामाचा ठरलेला टप्पा) घेतात. समजा, बाजारपेठेच्या दृश्यातल्या 12 वस्तू. बोली लावताना प्रोड्यूसर (प्रकल्पाचा वेळ-खर्च सांभाळणारा) वस्तूमागे एक दिवस धरतो, वर तीन दिवस राखीव. झाले 15. प्रत्यक्षात मॉडेल, यूव्ही (टेक्स्चर बसवायला आकार सपाट उलगडणं), बेक (बारकावे चित्रात उतरवणं), टेक्स्चर धरून एका वस्तूला दीड दिवस लागतो. म्हणजे 18. त्यावर क्लायंटच्या फीडबॅकच्या दोन फेऱ्या, प्रत्येक वस्तूला फेरीमागे पाव दिवस. आणखी 6. एकूण 24 दिवसांचं काम 15 दिवसांत कोंबलेलं. उरलेले 9 दिवस म्हणजे 72 तास टीमच्या रात्रींतून येतात. त्यात क्लायंट मॉन्ट्रियलचा असेल तर तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. दिवसभर तुम्ही वाट बघत बसता आणि फीडबॅक येतो घरी निघायच्या वेळेला. करारात दोन किंवा तीनच फेऱ्या धरलेल्या असतात, पण चौथी, पाचवी आली की क्लायंट नाराज होऊ नये म्हणून तिचे जादा पैसे मागितले जात नाहीत. हे मागण्याचं काम प्रोड्यूसरचं. तो ते करत नाही, आणि ओरडा खाता तुम्ही.

यातलं तुमच्या हातात काय आहे? पुढच्या दहा वस्तूंचे तास मोजा. साध्या वहीत, वस्तूगणिक चार आकडे: मॉडेल, यूव्ही आणि बेक, टेक्स्चर, फीडबॅकनंतरची दुरुस्ती. दहा झाल्या की सरासरी काढून लीडला दाखवा, बिल्डच्या आठवड्यात नाही, तो संपल्यावरच्या मंगळवारी. 'काम जास्त आहे' याला उत्तर 'सगळ्यांनाच आहे'. 'दुरुस्तीला वस्तूमागे साडेचार तास जातायत आणि आपण एकही धरत नाही' याला असं पटकन उत्तर नसतं. उलट लीडलाही प्रोड्यूसरशी भांडायला काहीतरी मिळतं. त्याच्या हातातही बहुधा आज असा एकही आकडा नसेल.

सोबत दोन सूचना द्या. एक, राखाडी ब्लॉकआउट (ढोबळ आकारांचा कच्चा आराखडा) क्लायंटकडून मंजूर झाल्याशिवाय टेक्स्चरला हात लावायचा नाही. आकार आणि मापातली चूक तिथे दहा मिनिटांत सुटते. बेक झाल्यावर कळली तर यूव्हीपासून पुन्हा सगळं करावं लागतं, आणि बिल्डच्या आठवड्यात जागरणं होतात ती बहुतेक याचमुळे. दुसरी सूचना म्हणजे बिल्डच्या दिवसांत सगळ्यांना दहा ते अकरा बसवण्याऐवजी पाळी लावा. दोघंतिघं दुपारी एक ते रात्री दहा, बाकीचे नेहमीप्रमाणे. क्लायंटचा फीडबॅक संध्याकाळीच येणार असेल तर सकाळी दहाला पूर्ण टीम लागते कशाला? पाळी साडेनऊच्या पुढे जाते, तेव्हा कॅबचा मुद्दा इथेही आहे.

ओरडण्याबद्दल. फ्लोअरवर त्या क्षणी उत्तर देऊ नका, डोळ्यांत पाणी आलं तर उठून पाणी प्यायला जा, त्यात कमीपणा नाही. तासाभरात लीडला स्लॅकवर लिहा: 'आजच्या फीडबॅकमधून मला तीन गोष्टी समजल्या: शटरची उंची, रंगाची गडदता, दाराचा पिव्हट. आणखी काही राहिलंय का? आणि असा फीडबॅक मला बाजूला बोलावून किंवा लेखी मिळाला तर दुरुस्ती लवकर होते.' दर वेळी अगदी याच सुरात. त्याने तो बदलेलच असं नाही. पण तीन महिन्यांत दहाबारा मेसेज जमतात, आणि त्यात तुम्ही कामाबद्दल बोलत असता, तो कशाबद्दल बोलत होता हेही दिसतं. बोलण्यात बाई असण्यावरून किंवा शरीरावरून काही आलं तर मात्र हा मार्ग नाही. ती तक्रार थेट कंपनीच्या लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीकडे, तीन महिन्यांच्या आत, लेखी.

नोंदी ठेवा, पण कशा ते नीट ऐका. स्वतःच्या वहीत तारीख, आत-बाहेरची वेळ, कुणी थांबायला सांगितलं. एचआर पोर्टलवर तुमची हजेरी उतरवून घेता येत असेल तर दर महिन्याला घ्या. पगाराच्या पावत्या, ऑफर लेटर, बाँडची प्रत, अप्रेझलची पत्रं, फॉर्म 16 हे सगळं आत्ताच घरी आणून ठेवा, शेवटच्या दिवशी दुपारीच लॉगिन बंद होतं. मात्र कामाच्या मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका आणि बिल्डचा स्क्रीनशॉट तर चुकूनही घेऊ नका. सिस्टिमला ते दिसतं. मग तुमची तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयता भंगाची चौकशी तुमच्यावर बसते.

आता बाँड. 'बाँड म्हणजे कागदाचा तुकडा, काही होत नाही' असं मित्र सांगतील. ते ऐकू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वेगळा होता, खासगी स्टुडिओला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. कंपनीला सहसा वाजवी नुकसानभरपाईच मिळू शकते, आणि दीड लाखाचं ट्रेनिंग खरंच दिलं होतं का हा प्रश्न विचारता येतो. पण चार महिन्यांसाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची? तुमच्या बाबतीत गणित सोपं आहे. बाँडला उरलेत चार महिने, नोटीस तीन महिन्यांची. बाँडमध्ये 'तीन वर्षांच्या आत सेवा सोडल्यास' असं असेल तर महिनाभराने राजीनामा दिला तरी शेवटचा दिवस बाँड संपल्यावर येतो. पण 'तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास' असं असेल तर राजीनाम्याचीच तारीख चार महिन्यांनंतरची हवी. एका शब्दाने तीन महिन्यांचा फरक पडतो. दोन्ही वेळेला 90 दिवस मोजून वर आठवडाभर मोकळा ठेवा. नोटीसच्या काळात घेतलेली रजा कंपन्या पुढे ढकलतात, ती बाँड उलटल्यावर पडली तर काही बिघडत नाही.

म्हणजे 'सोडू की थांबू'चं आमचं उत्तर: सोडा, पण आज नाही. वर सांगितलेले बदल सहा आठवडे करून बघा, त्याने निदान हे महिने सुसह्य होतील. आणि या महिन्यांत पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचे नमुने) उभा करा, कारण इथलं काम तुम्हाला दाखवता येणार नाही. गेम बाजारात आला तरी लेखी परवानगी लागते. सीव्हीत गेमचं नाव न घेता 'अप्रकाशित मोबाइल रेसिंग गेमसाठी इतक्या वस्तू' असं लिहिता येतं. तेवढ्यावर मुलाखत मिळते, नोकरी नाही.

घरच्या लॅपटॉपवर, ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, आठवड्याला सहा तास धरले तर बारा आठवड्यांत 72 तास होतात. त्यातले दहा-बारा वाया जाणार. म्हणून 60 तासांत बसेल एवढंच दृश्य निवडा: एक खोली, दहा वस्तू, लाकूडकामाला एक ट्रिम शीट (अनेक वस्तूंना पुरणारं एकच टेक्स्चर), सगळीकडे टेक्स्चरची बारकाई मीटरला 512 पिक्सेल. निऑनच्या पाट्यांची जपानी गल्ली आणि पडका युरोपीय किल्ला प्रत्येकाच्या आर्टस्टेशनवर (कलाकार काम दाखवतात ती साइट) आहे. कराडच्या जुन्या घराचं माजघर किंवा एसटी स्टँडवरचं चौकशीचं खिडकीघर करा. संदर्भाचे फोटो तुमचे तुम्हाला काढता येतील, आणि पितळी डब्याला कुठे काळपट डाग पडतो हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. शेवटच्या चित्राइतकीच वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी), यूव्ही आणि टेक्स्चर शीटही दाखवा. निवड करणारा आधी तेच उघडतो. फक्त सुरू करण्याआधी करारात 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम कंपनीचं' असं कलम आहे का ते बघा. असलं तर हे स्वशिक्षणाचं, विक्रीसाठी नसलेलं काम आहे अशी मेल एचआरला टाकून ठेवा.

नव्या ठिकाणी जाताना संस्कृतीबद्दल विचारू नका, सगळे 'आम्ही फॅमिलीसारखे' म्हणतात. मुलाखत घेणाऱ्या आर्टिस्टला विचारा: मागच्या माइलस्टोनच्या शेवटच्या आठवड्यात किती वाजता निघालात? अंदाज कोण देतं? फीडबॅकच्या किती फेऱ्या करारात असतात? क्लायंट कुठल्या देशातला? फिनलंडचा क्लायंट आपल्या अडीच-साडेतीन तासच मागे असतो, संध्याकाळ वाचते. प्रत्यक्ष भेट मिळत असेल तर संध्याकाळी सातची मागा आणि किती खुर्च्या भरलेल्या आहेत ते बघा. कंपनी पैसे कशातून कमावते हेही विचारा. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि त्या धंद्यातल्या अनेक नोकऱ्या गेल्या. आर्ट टेस्ट (निवडीसाठी करून घेतलेलं नमुना काम) दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी असेल तर मोबदला मागा.

आई-बाबांना 'ऑफिसात त्रास आहे' असं सांगू नका, त्यांना ते कॉलेजच्या तक्रारीसारखं वाटतं. सव्वाअकराला रस्त्यावर उभं राहावं लागतं, हे सांगा. आणि रविवारचा पोटातला गोळा झोप मोडण्यापर्यंत गेला तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बिल्डच्या रात्री दोन वाजता राजीनाम्याची मेल लिहू नका. लिहिलीच तर ड्राफ्टमध्ये ठेवा.

निघताना: वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतरचं वेतन शेवटच्या दिवसापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, 45 दिवसांची जुनी सबब चालत नाही. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हालाच भरता येते. पैसे अडवले तर पुण्यातल्या कामगार आयुक्तालयात लेखी तक्रार करा. पुण्याचीच 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा प्रकरणांचा पाठपुरावा करते.

या आठवड्यात एवढंच करा: बाँडचा कागद काढा आणि 'सोडल्यास' आहे की 'राजीनामा दिल्यास' ते बघा. वाक्य गुंतागुंतीचं असेल तर कंपनीचं नाव खोडून आम्हाला शब्दशः पाठवा, तारीख मोजून देऊ.